तळटीप

पानामागे साठ रुपये.
उर्दूतून मराठीत, सहीशिक्क्यासह, दोन प्रतींत.
चाळिशीत शिकले मी ही लिपी,
गझला नुसत्या ऐकून पुरेनात म्हणून.
काझीपुऱ्यातल्या नसीमआपा पाटीवर गिरवून घ्यायच्या
आणि चुकलं की पाटी पुसायच्या, मला नाही रागवायच्या.

एका दुपारी शिपाई घेऊन आला वहीची झेरॉक्स.
बावीस पानं. मालेगावचा रंगारी,
मुदस्सिर मोमीन, वय सव्वीस.
सुताचे नंबर, उधारी, कुणाच्या तरी तापाची औषधं.
पान सतरा, तिसरी ओळ:
बुधवारी साठ उडवले.

एवढंच. साठ काय, ते नाही.
रंगारी रंग उडवतात, ठाण पुन्हा पांढरं करतात.
साहेबांच्या डोक्यात दुसरंच काही उडत होतं.
मी ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलं:
येथे ‘रंग’ हा शब्द अध्याहृत असावा.
असावा.
आहे, असं नाही लिहिलं. मला तरी काय माहीत?

टाइप होऊन आलेल्या प्रतीत ओळ होती,
तळटीप नव्हती.
विचारलं, तर म्हणाले, मॅडम, काळ कसला चाललाय बघताय ना.
चहा मागवला.
मी चहा प्यायले, आणि सही केली.

ह्याला चार वर्षं झाली.

मी राहते जेल रोडला. पत्ता सांगताना कुणी दचकत नाही,
तुरुंग हा इथे रिक्षाचा थांबा आहे.
रात्री तासाचे ठोके ऐकू येतात,
अकराला अकरा, बाराला बारा.
पलीकडे छापखान्यात पासपोर्ट छापतात;
एक अक्षर पुसट आलं तरी अख्खा ताव बाद, म्हणे.
त्या तपासनिसांचा मला हेवा वाटतो.

माझा मावसभाऊ दिगंबर
एका संध्याकाळी, एका स्टेशनवर, दोन्ही कान ठेवून आला.
तेव्हापासून ओरडूनच बोलतो: टाका सगळ्यांना आत!
त्याला काय सांगू?
त्याच्या कानांचा हिशेब कुणीतरी द्यायलाच हवा,
कुणीही नव्हे, कुणीतरी.
देवळालीच्या तोफांचा सराव सुरू झाला
की तो तळहात गादीवर टेकून बसतो,
आणि मला विचारतो, थांबल्या का?

यंदा पिंपळगावला नणंदेची द्राक्षं गेली.
दूर कुठल्या समुद्रात कुणी दहशत संपवत होतं,
म्हणून जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेलं.
पेट्या उघडल्या तेव्हा देठ तपकिरी.
विमा कंपनीचं पत्र आलं, खाली तळटीप:
युद्धसदृश स्थितीतील नुकसानीस कंपनी जबाबदार नाही.
त्यांची तळटीप बरी कुणी गाळत नाही.

मग मतदान आलं.
आमच्या शाळेत, खोली क्रमांक चार, लहान मुलांचे बाक.
भाषणं मी ऐकली होती: आधी सुरक्षा, प्रश्न नंतर.
नंतर म्हणजे किती वाजता, ते कुणी बोललं नाही.
नखावरचा रंग महिनाभर उडाला नाही.
भांडी घासताना दर वेळी
ती ओळ दिसायची.

परवा अर्ज घेऊन कोर्टात गेले.
ह्या खटल्यावरचे हे तिसरे न्यायाधीश;
साक्षी अजून सुरू व्हायच्यात.
तो निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही.
दोषी असेल, तर तेही मला कळू दे,
दिगंबरलाही कळू दे, कागदावर लिहून देईन मी त्याला.
माझं म्हणणं एवढंच
की पान सतरावर एक ओळ कमी आहे
आणि त्या कमी ओळीखाली माझी सही आहे.

कारकुनाने अर्ज उलटून पाहिला.
कुठल्या कलमाखाली हा?
मी म्हटलं, तिसऱ्या ओळीखाली.
तो हसला नाही.
आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला.
शिक्का जरा पुसट आला.
मी म्हटलं, पुन्हा मारा.